ठिगळाची विद्या

सातारा-सांगलीकडे गावचा चर्मकार बलुत्यापोटी मोटेला ठिगळ लावी, ते पाणी आत राहावे म्हणून. पाणबुड्याच्या पोशाखास ते बाहेर ठेवावयाचे असते. मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्र सिद्ध केले. पुढे सीबे यांनी शिरस्त्राणास जोडलेला बंद पोशाख घडविला. त्याची डागडुजी मात्र आमच्या पंक्चरवाल्याचीच विद्या: हवा भरावी, साबणपाणी फिरवावे, बुडबुडा उठेल तेथे छिद्र, मग वाळवून, खरवडून, सोल्यूशनने ठिगळ दाबावे. गळपट्टी कापून बेताची करणे अधिक जोखमीचे. सैल राहिली तर पाणी शिरते, घट्ट झाली तर माणसाला भोवळ येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत रबरी नावा फिरल्या. त्यांची छिद्रेही याच रीतीने बुजवितात.