निर्मळ हातांचा इतिहास

शस्त्रवैद्याच्या मार्गात शतकानुशतके दोन मोठे अडसर उभे होते: रुग्णाची वेदना आणि जखमेत होणारा पू. पहिला अडसर १८४६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात ईथरच्या गुंगीने दूर झाला आणि काही महिन्यांतच ती वार्ता युरोपभर पोहोचली. दुसरा दूर व्हायला मात्र त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. गुंगीचा परिणाम डोळ्यांदेखत दिसत होता. जंतू कोणालाच दिसत नव्हते. शिवाय गुंगीचे औषध घ्यायचे होते रुग्णाने, तर निर्जंतुकतेचे व्रत पाळायचे होते खुद्द वैद्याने. हा फरक लक्षात घेतला म्हणजे पुढचा इतिहास नीट समजतो.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात त्या काळी बाळंतिणींसाठी दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांतील अकराहून अधिक माता दगावल्या. दुसऱ्यात तीनहूनही कमी. बहुतेकींचा बळी घेणारा रोग एकच होता, सूतिकाज्वर. पहिल्या विभागाची अपकीर्ती इतकी पसरली होती, की तेथे घेऊ नये म्हणून गरीब स्त्रिया गुडघे टेकून विनवण्या करीत. या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन तरुण डॉक्टर काम करीत होता.

सेमेलवाइसने एकेक कारण पारखून पाहिले. त्यांपैकी एकाचा संबंध धर्मगुरूशी होता. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचे संस्कार देण्यासाठी येणाऱ्या धर्मगुरूला पहिल्या विभागात अनेक दालनांतून जावे लागे. त्याच्यापुढे घंटा वाजत असे. तो नाद ऐकून इतर बाळंतिणींच्या काळजात धस्स होत असेल, आणि त्या भीतीनेच तर ज्वर येत नसेल, अशी शंका त्याला आली. त्याने धर्मगुरूंना विनंती केली. त्यांनी वळसा घालून, घंटा न वाजवता येण्याचे मान्य केले. दालने शांत झाली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. एक कारण खोटे ठरले, आणि शोध पुढे सरकला.

मार्च १८४७ मध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का याच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागली. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि त्याच्या देहात आढळलेले विकार सूतिकाज्वराच्या विकारांसारखेच होते. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते फाडीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मेच्या मध्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा अठरावर गेलेले मृत्यू जुलैमध्ये शेकडा सव्वापर्यंत उतरले.

एवढा पुरावा असूनही अनेक मान्यवर वैद्यांनी त्याचे म्हणणे मानले नाही. जंतूंचे शास्त्र अजून जन्मले नव्हते, आणि त्याने स्वतःचा ग्रंथ लिहायलाही १८६१ साल उजाडू दिले. पण खरे शल्य वेगळे होते. ‘मृत्यू तुमच्याच हातांनी येतो’ हे वाक्य सेवाभावी माणसाला ऐकवणे सोपे नाही, आणि सेमेलवाइसच्या वाणीत सौम्यता नव्हती. विरोधकांना त्याने जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. अखेर मनोरुग्णालयात, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखमेतून रक्तात पसरलेल्या विषाने त्याचा अंत झाला.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. गाडीचे चाक पायावरून जाऊन मुलाचे हाड मोडले होते आणि कातडी फाटली होती. अशा वेळी पाय कापणे हाच बहुधा उपाय असे. सहा आठवड्यांनी तो मुलगा दोन्ही पाय शाबूत घेऊन बरा झाला. लिस्टरने पाश्चरचे लेखन वाचले होते. अदृश्य शत्रूला आता नाव मिळाले होते. पूर्वी त्याने अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६.

लिस्टर जंतूंना मारीत होता. पुढच्या पिढीने जंतू जखमेपर्यंत पोहोचूच नयेत असा प्रयत्न केला. बर्लिनमध्ये बेर्गमान व त्याचा सहकारी शिमेलबुश यांनी पट्ट्या वाफेने निर्जंतुक करण्याची रीत रूढ केली. बॉल्टिमोर येथे कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रवाने सोलवटले, म्हणून डॉ. हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. हेतू तिचे हात वाचवण्याचा होता. पुढे त्याच मोज्यांनी रुग्ण वाचले. १८९७ साली ब्रेस्लाऊमध्ये मिकुलिचने तोंडावर जाळीचा मुखपट्टा बांधला.

साधने अशी सिद्ध झाली, तरी पेच सुटला नाही. १२१ अंश उष्णतेची वाफ जंतूंचा नाश करते. पण अवजाराच्या सांध्यात वाळलेले रक्त राहिले, तर तेथे वाफ पोहोचत नाही. गठ्ठा ओला निघाला किंवा फाटला, तर तो बाद. धुतलेले हात कमरेखाली आले, मोजा टेबलाच्या कडेला घासला, तर पुन्हा पहिल्यापासून. संशय आला की वस्तू अशुद्धच मानायची, हा नियम आहे. मात्र रुग्णांची रांग मोठी असते, वीज जाते, मनुष्यबळ अपुरे पडते, आणि ‘एवढ्याने काय होते’ हा विचार डोके वर काढतो. चूक घडली त्या क्षणी काहीच दिसत नाही. ताप चढतो तो काही दिवसांनी, तेव्हा तिचा माग लागत नाही.

म्हणून शस्त्रक्रियागृहातील सर्वांत अवघड गोष्ट ‘डॉक्टर, आपला मोजा बदला’ असे ज्येष्ठ शस्त्रवैद्याला सांगणाऱ्या तरुण परिचारिकेचे धैर्य ही होय, आणि ते शब्द ऐकून न रागावता मोजा बदलणाऱ्या वैद्याची नम्रताही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी पडताळणी यादी प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी साऱ्यांनी मोठ्याने बोलून खात्री करावी, असे तिचे स्वरूप आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी लेकी परिचारिका आहेत. त्यांच्या कामाचा हा भाग घरच्यांनाही ठाऊक नसतो, कारण त्याचे यश काही न घडण्यात असते. ज्या रुग्णाची जखम चिघळली नाही, तो त्यांचे आभार मानायला येत नाही. आणि आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या आपण सर्वांनी, ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्या आम्ही धर्मगुरूंनीही, व्हिएन्नाच्या त्या घंटेची आठवण ठेवावी. घंटा निर्दोष होती. हात निर्दोष आहेत की नाहीत, हे खाटेपाशी जाण्याआधी आपले आपणच पाहायचे असते.