गोळीच्या नावामागची दोन अक्षरं

तापाच्या गोळ्यांची पट्टी उलटून बघा. ‘पॅरासिटामॉल टॅब्लेट्स’ या नावाला लागून ‘आय.पी.’ छापलेलं असतं. इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारताची औषधसंहिता. गोळीत काय असावं, किती असावं आणि ते तपासायचं कसं, हे सांगणारा ग्रंथ. गोळी त्याच्या कसोटीला उतरली नाही तर तो गुन्हा. ग्रंथाच्या हाती कायद्याचा असा दंडुका कसा आला, हे शोधताना मी अमेरिकेत पोचलो.

तिथल्या डॉक्टरांनी 1820 साली आपली संहिता छापली. ‘यू.एस.पी.’ ती हीच. पण ती वैद्यांनी वैद्यांसाठी केलेली. पाळली नाही म्हणून देशभरात कुणी जाब विचारत नव्हतं. 1848च्या कायद्याने न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या बंदरांत औषधपरीक्षक बसवले, तेही फक्त परदेशी मालासाठी. 30 जून 1906 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न व औषध कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. संहितेतलं नाव लावून विकलेलं औषध तिथे सांगितलेल्या ताकदीला आणि शुद्धतेला उतरलं नाही, तर ते भेसळीचं. त्यात काय कालवलं, कुणी कालवलं, हे शोधत बसायचं कारण उरलं नाही. वेगळी ताकद लेबलवर स्पष्ट छापली की सुटका, ही पळवाट मात्र ठेवली होती.

तपासणी आली कृषी खात्याच्या रसायन विभागाकडे, हार्वे वायली यांच्या हाताखाली. तेव्हा यू.एस.पी.त आपला हिंगही होता, औषध म्हणून. हिंगाच्या खड्यात माती, वाळू सहज दडते, आणि उग्र वासापुढे नाकाला काही कळत नाही. मद्यार्कात टाकला की राळ विरघळते, गाळ तळाशी बसतो. जाळला की राख उरते, तिचं वजन करायचं. नाकाला न कळलेली माती तराजूवर दिसते.

दाव्यांपुढे मात्र कायदा लुळा पडला. आपल्या गोळ्यांनी कॅन्सर बरा होतो असं खोटं छापणाऱ्या जॉन्सन नावाच्या औषधविक्रेत्याला 1911 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. न्यायालयाच्या मते कायदा डब्यात काय आहे त्याबद्दलच्या खोट्याचा, गुणाच्या खोट्याचा नव्हे. त्या गोळ्यांवर भिस्त ठेवून दिवस घालवलेल्या रोग्यांचा विचार मनातून जात नाही. 1912 साली दुरुस्ती झाली, पण फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं सरकारवरच राहिलं.

आपल्याकडे तेव्हा देशभर लागू होणारा असा कायदाच नव्हता. मार्च 1927 मध्ये पुण्याचे सर हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ सभागृहात, औषधांवर नियंत्रण हवं असा ठराव आणला. 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रांची समिती बसली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. कायदा व्हायला मात्र 1940 उजाडलं. इतकी वर्षं कशाला लागावीत? मापही आधी ब्रिटिश संहितेचं, ‘बी.पी.’चं. ‘आय.पी.’ची पहिली आवृत्ती निघाली 1955 साली.

आज औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, त्याचे भाग करून सील ठोकतो. एक दुकानदाराकडे राहतो, एक कोर्टासाठी, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो. विश्लेषक पट्टीवरचं नाव वाचतो आणि संहितेत त्या नावाचं पान काढतो.