ओहोटीबरोबर दाभोळला

मार्गशीर्षातली अष्टमी आहे. सकाळचे सात वाजलेत आणि तुम्ही चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर उभे आहात. वाशिष्ठीवर धुकं आहे, पलीकडचा काठ नुसता अंदाजाने कळतो. होडीत कराडकडच्या एका शाळेची मुलं आधीच बसली आहेत. तुम्हाला मधल्या फळीवर जागा मिळते.

तांडेल इंजिन सुरू करत नाही. आधी मुलांना हिशेब घालतो. "आज तिथी कोणती? आठवी. आठाची पाऊणपट किती?" एक मुलगी पटकन म्हणते, "सहा." "म्हणजे सहा वाजता दाभोळला भरती पुरी झाली. तेच पाणी इथवर चढायला वेळ लागतो. आता बघा." तो धक्क्याच्या पायरीकडे बोट दाखवतो. पायरीवर बोटभर ओली रेघ उमटली आहे. पाणी उतरायला लागलंय.

या नदीवरचा सगळा इतिहास या एका हिशेबावर उभा आहे. पुस्तकातून तो कळत नाही, पाण्यावर बसलं की कळतो. म्हणूनच मला अशा सफरींचं मोल वाटतं. मगर दिसली, फोटो निघाला, एवढ्यावर त्या संपू नयेत. गोवळकोटपासून समुद्र सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि तरीही समुद्र दिवसातून दोनदा इथे येऊन परत जातो. इथून वर चिपळूणकडे तारू नेता येत नाही. म्हणून बंदर इथे, म्हणून किल्ला इथे, आणि म्हणूनच घाटाची वाट इथे उतरते.

होडी सुटते. ओहोटी तिला ओढून नेते, इंजिन नुसतं गुणगुणत राहतं.

पहिल्याच वळणावर हवा बदलते. डिसेंबरचा गारवा जातो, अंगावर पावसाचा मार बसतो. २२ जुलै २०२१. मागे वळून पाहता तर चिपळूण शहर दिसत नाही. जिथे बाजारपेठ होती तिथे तांबडं पाणी आहे आणि त्यातून दुकानांच्या पाट्यांचा वरचा भाग तेवढा वर आलेला आहे. लोक गच्चीवर चढून हाका मारताहेत. वरून सह्याद्रीचं पाणी कोसळतंय. सखल शहराला अशा वेळी खालून भरतीनेही गाठलं, तर नदीला वाट उरत नाही. त्यात पात्र गाळाने उथळ झालेलं. पुढे त्याच वर्षी शहरातल्या माणसांनी हा गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं आणि उपसा सुरू झाला. होडीतल्या मुलांच्या वयाच्या चिपळूणकरांना तो दिवस तारखेसकट पाठ आहे.

पाऊस थांबतो. तुम्ही हात पाण्यात बुडवता. पाणी गार आहे, भरपूर आहे. पावसाळा संपून दोन महिने झाले, मग कोकणातल्या एका लहान नदीत एवढं पाणी आलं कुठून?

तांडेल मुलांकडेच पाहतो. "तुमचंच आहे."

आणि खरंच त्यांचं आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जायचं. १९६० च्या दशकापासून त्यातला काही वाटा धरणात अडवून, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडला जातो. शेकडो मीटर खाली कोसळून तो वीज तयार करतो, कोळकेवाडीला पुन्हा अडतो, पुन्हा वीज देतो आणि मग वाशिष्ठीत येतो. कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. डोंगराखालून गेलेल्या एका नदीने दुसऱ्या नदीचा स्वभाव बदलला आहे. तुम्ही क्षणभर १९५० सालच्या मार्गशीर्षात जाता. चिपळूणच्या वरच्या अंगाला नदी म्हणजे गोटे, मधूनमधून डोह, डोहाकाठी धुणं. पुन्हा आजच्या पाण्यावर आल्यावर ती बारमाही धार खालून वाहताना जाणवते. त्या गोड्या पाण्याने खाडीच्या वरच्या टोकाचा खारटपणा कमी राहतो.

इथे मगरी आहेत. धुकं विरतं, ऊन चिखलावर पडतं आणि तुम्हाला जो लाकडाचा ओंडका वाटला होता त्याला डोळा असतो. तांडेल इंजिन बंद करतो. कुणी बोलत नाही. दलदलीतली मगर, गोड्या पाण्यातली, पण मचूळ पाणीही सोसणारी. थंडीच्या सकाळी ती उन्हाला येते कारण तिचं रक्त बाहेरच्या उबेवर चालतं. जबडा उघडा टाकून पडते ती डोकं जास्त तापू नये म्हणून. मुलांना ती रागावलेली वाटते. होळीच्या आसपास मादी काठावर खड्डा करून अंडी घालेल आणि पावसाच्या तोंडाशी पिल्लं आतून आवाज देतील तेव्हा स्वतः माती उकरील. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. पण ज्या काठावर ती अंडी घालते तो काठ वाळूसाठी कापला गेला तर कायद्याचा कागद तिच्या काय कामाचा, हे तांडेल मुलांना स्पष्ट सांगतो आणि ते मला पटतं.

होडी पुन्हा चालू लागते. दोन्ही काठांना कांदळवन. तिवराची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आली आहेत. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, म्हणून झाड श्वास वर घेतं. खंड्या एका फांदीवरून सुटतो. ब्राह्मणी घार डोक्यावर गोल फिरते. एका होडीतून कुणी पाग फेकतो. जाळं हवेत गोल उघडतं आणि पाण्यावर आपटतं.

मालदोली मागे पडते. खाडी रुंद होऊ लागते आणि समोरून कोळशाचा वास येतो.

हे एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक. तुमच्या फायबरच्या होडीचा लाकडी पडाव झालेला आहे आणि तुमच्या शेजारी करंबवण्याचा एक तरुण बसला आहे. डोक्याला मुंडासं, मांडीवर गाठोडं, गाठोड्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. तो मुंबईला गिरणीत चालला आहे. दाभोळला आगबोट लागेल, तिच्यापर्यंत पडावातून जायचं, दोर धरून वर चढायचं.

"पावसात काय करतोस?" तुम्ही विचारता.

"पावसात आगबोट बंद. नारळी पुनवेपर्यंत कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. म्हातारी मेली तरी नारळी पुनवेनंतरच कळायचं."

तुमच्या बाजूने मचवे वर चाललेले दिसतात, गोवळकोटच्या भरतीसाठी थांबत थांबत. त्यांत मीठ आहे, सुकी मासळी आहे, मुंबईचा माल आहे. उतरताना ते घाटावरचा कापूस आणि धान्य आणतील. तो माल कुंभार्लीच्या घाटातून बैलगाड्यांतून चिपळूणला उतरतो. एका बाजूला बैलाची चाल, दुसऱ्या बाजूला पाण्याची वेळ. चिपळूणच्या बाजारपेठेचं सगळं वैभव या दोन वेगांच्या सांध्यावर आलं. पुढे डांबरी रस्ता आला, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि नदीकडे पाठ करून माणसं प्रवास करू लागली. त्या तरुणाचे पणतू आज चार-सहा तासांत गावी येतात. त्यांच्यातल्या किती जणांनी आपलं गाव पाण्यावरून पाहिलं असेल?

खेडकडून येणारी जगबुडी उत्तरेकडून मिळते. आता पाणी खाडीसारखं राहिलेलं नाही, समुद्रासारखं हलतंय. डाव्या हाताला अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्पाच्या चिमण्या. नाव दाभोळचं, जागा समोरच्या काठावरची. १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये, वीजदराच्या वादात, बंद पडला, नंतर दुसऱ्या मालकीत पुन्हा चालू झाला. नदीच्या वरच्या टोकाला पोफळी, खालच्या टोकाला हा. मुलं मोजतात, तुम्ही चिमण्यांच्या पुढे पाहता. तिथे टेकडीवर गोपाळगडाची तटबंदी आहे.

तटावर निशाण बदलतं. १७२७ साल, गडावर जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल. आता मघाचा गोवळकोट आठवा आणि पाण्यावरून विचार करा. नदीच्या मुखावर अंजनवेल, भरतीच्या शेवटाला गोवळकोट, दोन्ही जंजिऱ्याच्या सरदाराच्या, सिद्दी सातच्या, ताब्यात. ज्याच्या हाती ही दोन ठिकाणं, त्याच्या परवानगीशिवाय मधल्या पाण्यावर मचवा हलत नाही. नकाशावर हे दोन लहान किल्ले आहेत. होडीतून ते एकाच दाराची वरची आणि खालची कडी वाटतात. याच वर्षी सिद्दी सातने चिपळूणच्या वरचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. तिथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी उठून घाटावर धावडशीला गेले आणि त्यांची पत्रं छत्रपती शाहू महाराजांना आणि पेशव्यांना टोचत राहिली. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. तरी अंजनवेल आणि गोवळकोट लगेच सुटले नाहीत. त्यासाठी पुढे तुळाजी आंग्र्यांचं आरमार यावं लागलं. त्यांच्या काळात अंजनवेलचा गोपाळगड झाला आणि गोवळकोटचा गोविंदगड. जमिनीवरून वेढे घालून जे किल्ले हटले नाहीत, ते समुद्रावरच्या माणसाने घेतले. नदी पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

समोर दाभोळ. धक्क्याजवळ घुमट आणि चार मिनार असलेली मशीद उभी आहे, सतराव्या शतकातल्या आदिलशाहीतली. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची एक शाहजादी मक्केला निघाली, वाट धोक्याची म्हणून तिला इथेच थांबावं लागलं आणि यात्रेचा पैसा तिने या बांधकामात घातला, अशी गोष्ट सांगतात. फेरीबोट धोपाव्याहून गाड्या घेऊन येते आणि दुचाक्या हॉर्न वाजवत उतरतात.

मग हॉर्न थांबतात.

३० डिसेंबर १५०८. मशीद अजून बांधलेली नाही. पण शहर आहे, आजच्या गावापेक्षा कितीतरी मोठं, किनाऱ्यापासून टेकडीपर्यंत चढत गेलेलं. बंदरात अरबी, गुजराती, इराणी तारवं. लाकडी तटामागे माणसांची धावपळ चालली आहे, कारण मुखातून पोर्तुगीज गलबतं आत येताहेत. त्यांचा व्हाइसरॉय फ्रांसिस्कू द आल्मेइदा सूडाने पेटलेला आहे. याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा लोरेन्सू मारला गेला. मारणारं आरमार इजिप्तचं आणि दीवचं होतं. दाभोळने त्याचं काही केलेलं नव्हतं. दाभोळ फक्त वाटेवर होतं आणि श्रीमंत होतं.

तोफा सुरू होतात. तट पडतो. त्यानंतर जे होतं त्याला लढाई म्हणता येत नाही. गल्ल्यांतून बायका, मुलं, म्हातारी माणसं मारली जातात आणि मग शहराला आग लावली जाते. वारा समुद्राकडून आहे. धूर खाडीत शिरतो, तुम्ही आलात त्याच वाटेने वर चढतो. होडीत एक मुलगा खोकतो. काही आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी १५०९ ला, हेच आरमार दीवची लढाई जिंकेल आणि शाळेच्या पुस्तकात दीवचं नाव राहील. दाभोळचं नाव त्या पानावर नसतं. ते असायला हवं.

धुराखालून होडी आणखी पुढे सरकते आणि धूर संपतो तेव्हा शहर पुन्हा उभं आहे. १४७० च्या आसपासचं. धक्क्यावर एक दाढीवाला परका माणूस होर्मुझला जाणाऱ्या तारवाचं भाडं ठरवतो आहे. हा अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. चौलला उतरला, एक घोडा घेऊन. जुन्नरला सुभेदाराने घोडा हिसकावला, मग परत दिला. बिदर पाहिलं, बाजार पाहिले, जत्रा पाहिल्या, सगळं टिपून ठेवलं. आता घरी जायचं आहे. घरी तो पोचणार नाही, वाटेत स्मोलेन्स्कजवळ मरेल; टिपणं मात्र पोचतील आणि दाभोळचा भारतातला शेवटचा धक्का म्हणून त्यांत उल्लेख राहील.

पाणी पुष्कळ उतरलंय. ओहोटीचा शेवट जवळ आला. तांडेल बांबू खाली सोडून तळ चाचपतो. वाळूचा दांडा जवळ आहे.

आणखी थोडं मागे, १४५३. इराणच्या गिलानमधून आलेला, चाळिशी उलटलेला एक व्यापारी धक्क्यावर उतरतो. महमूद गवान. याला बहमनी राज्याचा वजीर व्हायचं आहे, बिदरला मोठा मदरसा बांधायचा आहे आणि म्हातारपणी खोट्या पत्राच्या आरोपावरून आपल्याच सुलतानाच्या हुकमाने मरायचं आहे. आज त्याला यातलं काही माहीत नाही. तो विचारतो, घाटावर जायचं कसं? माल आहे, माणसं आहेत, वाट ठाऊक नाही.

धक्क्यावरचे लोक आपापल्या कामात आहेत. मघाची मुलगी होडीतून उभी राहते. तांडेल तिला बस म्हणत नाही. ती बोटांवर काहीतरी मोजते.

"आता बारा-एकपर्यंत पाणी उतरेल," ती म्हणते. "मग भरती लागेल. भरतीबरोबर निघायचं, म्हणजे संध्याकाळी गोवळकोट. तिथून पुढे होडी जात नाही. बैल घ्यायचे आणि कुंभार्लीचा घाट चढायचा. वर हेळवाक लागेल, मग कोयनेच्या काठाने आमचं कराड."