सत्तावन्न हजार फोटो, फक्त तीन आण्यांत

आजचा भाग वडनेर भोलजीतून, हायवेच्या कडेला बसून रेकॉर्ड केलाय. मधूनच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

आपल्या मलकापूर-नांदुरा पट्ट्यातली बरीच पोरं हल्ली मोबाईलवर काहीतरी बनवून विकायला बघतात. कोणी लग्नपत्रिकेचे व्हिडिओ करतं, कोणी पोलीस भरतीच्या नोट्सची पीडीएफ, कोणी फोटो एडिटिंगचे प्रीसेट. प्रश्न सगळ्यांचा एकच: "भाऊ, बनवलं तर खरं, पण घेते कोण?"

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या एका माणसाला तो असाच पडला होता. धुंडिराज गोविंद फाळके. पुरस्कारामुळे दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण पहिला सिनेमा बनवला यापेक्षा तो त्यांनी *विकला* कसा, ही गोष्ट मला जास्त भारी वाटते.

आधी माल काय होता ते बघू. साबण विकला की वडी गिऱ्हाईक घेऊन जातं. सिनेमात तसं नाही. एक निगेटिव्ह तयार झाली की तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, आणि एकच प्रत शंभर वेळा दाखवायची. प्रेक्षक घरी काहीच नेत नाही. सगळा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतचा. तुमच्या पीडीएफचं गणितही हेच आहे, म्हणून तर ही गोष्ट सांगतोय.

फाळके तेव्हा चाळिशीत होते. फोटोग्राफी करून झाली होती, छपाईचा धंदा करून झाला होता आणि भागीदारांशी पटेना म्हणून तो सोडूनही झाला होता. मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि असाच आपल्या देवांवर का नको, हे डोक्यात बसलं. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, काम शिकले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा मागवला आणि परत आले. आता पैसा कुठून आणायचा?

इथे त्यांनी जे केलं त्याला आज आपण 'फ्री सॅम्पल' म्हणतो. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर मिनिटाभरात बी फुटतं, कोंब येतो, वेल वर चढतो. 'अंकुराची वाढ' नावाची ही फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. कर्ज मागायला गेलेला माणूस आधी चमत्कार दाखवतो, म्हटल्यावर समोरच्याचा हात खिशाकडे जाणारच. तरी पैसे पुरले नाहीत. विमा पॉलिसी लंडनच्या प्रवासासाठीच गहाण पडली होती, आता पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

सरस्वतीबाईंबद्दल जरा थांबून बोलू. फाळक्यांना आपण 'एकट्याने सगळं केलं' म्हणतो. लेखन, दिग्दर्शन, धुलाई, सगळं त्यांचं, हे खरंच आहे. पण कच्च्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत, आणि रात्री अंधारात बसून हे काम सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. 'सोलो क्रिएटर' हा शब्द मला म्हणूनच थोडा खोटा वाटतो.

'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. सरळ थिएटरला लावला? नाही. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात आधी निमंत्रितांचा खेळ ठेवला. शहरातली मोठी माणसं, वर्तमानपत्रांचे संपादक. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना आधी दाखवा, चर्चा ते करतील. मग ३ मे ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी तिकीट. आणि गंमत बघा, जाहिरातीत सिनेमा एकटा नव्हता. सोबत मिस आयरीन डेलमारचा नाच, एक विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर. आज आपण 'कोर्ससोबत तीन बोनस' लिहितो ना, तेच. फाळक्यांनाही भरवसा नव्हता की नुसत्या हरिश्चंद्रावर लोक येतील.

मुंबईत जमलं. सुरतेला मात्र आपटी बसली. असं सांगतात की पहिल्या दिवशी गल्ला जेमतेम तीन रुपये. कारण सरळ होतं. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय असलेल्या माणसाला तासाभरात संपणाऱ्या सिनेमासाठी तीन आणे कशाला, हेच कळेना. तिथल्या माणसाने सल्ला दिला, खेळ लांबवा नाहीतर दर कमी करा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि फक्त तीन आणे! गल्ला शंभर पटीने वाढल्याचं सांगतात.

तास मोजले तर नाटक जिंकत होतं, म्हणून त्यांनी गिऱ्हाईकाला फोटो मोजायला लावले. आता मी जरा हिशेब केला. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे ५७,००० चित्रांची लांबी साधारण ३,५६० फूट. सिनेमा ३,७०० फुटांचा होता, म्हणजे फोटोंचा आकडा खरा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! ती चक्क फेकाफेक होती. जाहिरातीतला अर्धा भाग प्रामाणिक आणि अर्धा भाग बाजारू, आणि लक्षात दोन्ही राहिले. आज असं काही लिहिलंत तर कमेंटमध्ये कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलाच असतो, तेव्हा जपून.

पुढे १९१७ ला 'लंकादहन' आला. मद्रासमध्ये जमलेली नाणी बैलगाडीतून, पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली असा किस्सा आहे. यश आलं की भांडवलवाले येतात. १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, फाळके आणि पाच भागीदार. पैशाची चिंता मिटली, पण खर्च कशावर करायचा, कामाचं वेळापत्रक काय, हे आता दुसरे विचारू लागले. वर्ष-दीड वर्षात फाळके वैतागून बाहेर पडले आणि काशीला गेले. काही काळाने परतले ते त्याच कंपनीत, दरमहा १,००० रुपये पगारावर. जो धंदा त्यांनी घरातल्या अंधाऱ्या खोलीत उभा केला, त्यात ते नोकर झाले. मला विचाराल तर सुरतेच्या तीन रुपयांपेक्षा हा तोटा मोठा.

शेवटचा सिनेमा 'गंगावतरण', १९३७, कोल्हापूर. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले.

आणि तो मूळ माल? 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलं, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तेही १९१३ चं नसून, फाळक्यांनी १९१७ ला पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात.