शेक, ओटमार

शेक, ओटमार : (१ सप्टेंबर १८८६–८ मार्च १९५७). स्विस संगीतरचनाकार व वाद्यवृंदसंचालक. जन्म ल्युसर्न सरोवराकाठच्या ब्रुनेन येथे. वडील आल्फ्रेड निसर्गचित्रकार होते. ओटमारचाही ओढा आधी चित्रकलेकडे होता. पुढे झुरिकच्या संगीतविद्यालयात आणि १९०७-०८ मध्ये लाइपसिक येथे माक्स रेगर यांच्याकडे त्याने शिक्षण घेतले.

झुरिकला परतल्यावर त्याने गायकवृंदांचे संचालन केले. विंटरटूरचे कलाप्रेमी उद्योजक वेर्नर राइनहार्ट यांनी दिलेल्या नियमित अर्थसाहाय्यामुळे त्याला रचनेसाठी उसंत मिळाली. १९१७ ते १९४४ या काळात त्याने सांक्ट गालेन येथील सिंफनी मैफलींचे संचालन केले.

शेकची कीर्ती मुख्यतः ‘लीड’ या जर्मन कलागीतप्रकारावर उभी आहे. त्याने सुमारे चारशे गीते रचली. आयखेनडोर्फ, लेनाउ, म्योरिके, गॉटफ्रीड केलर हे त्याचे आवडते कवी. समकालीनांपैकी त्याचा मित्र हेर्मान हेसे याच्या कविताही त्याने स्वरबद्ध केल्या. सुटी गीते एका सूत्रात ओवून दीर्घ गीतमाला बांधणे हा त्याचा विशेष. ‘एलेगी’ (१९२२) या मालेत गायकाला लहान वाद्यवृंदाची साथ आहे, तर ‘नोटुर्नो’ (१९३३) मध्ये केवळ चार तंतुवाद्यांची. ‘लेबेंडिश बेग्राबेन’ (१९२६) मध्ये जिवंतपणी पुरला गेलेला माणूस शवपेटीतून बोलतो. केलरच्या चौदा कवितांची ही रचना बॅरिटोन व मोठ्या वाद्यवृंदासाठी आहे. १९३५ मध्ये झुरिकला ती ऐकून कादंबरीकार जेम्स जॉइस शेकचा चाहता झाला.

‘पेंथेसिलेआ’ (ड्रेस्डेन, १९२७) ही क्लाइस्टच्या नाटकावरील एकांकी संगीतिका शेकची सर्वांत धाडसी कृती होय. तिच्या वाद्यवृंदात व्हायोलिन अवघी चार आणि क्लॅरिनेट दहा. जोडीला दोन पियानो. त्यामुळे एकूण नाद काळोखा व धारदार होतो. गायन आणि गद्य संवाद यांची सरमिसळही तीत आहे. ‘वीनस’ (१९२२) व ‘मासिमिला डोनी’ (१९३७) या त्याच्या अन्य संगीतिका. ‘दास श्लोस ड्युरांडे’ हिचा पहिला प्रयोग १९४३ मध्ये, ऐन युद्धात, बर्लिनला झाला. संहिताकार हेर्मान बुर्टे नाझी पक्षाचा समर्थक होता. तिकडे ती नाझी नेता ग्योरिंगला रुचली नाही, इकडे मायदेशी शेकवर टीकेचा भडिमार झाला. पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यामुळे त्याला संचालन थांबवावे लागले.

केवळ वाद्यांसाठीच्या रचना त्या मानाने थोड्या. त्यांत व्हायोलिन, चेलो व हॉर्न यांचे कन्चेर्टो आणि तंतुवाद्यांसाठीची ‘सोमरनाख्ट’ (१९४५) उल्लेखनीय. निराधारांचे शेत रात्रीच्या रात्री कापून देणाऱ्या तरुणांवरील केलरची कविता हा ‘सोमरनाख्ट’चा आधार आहे, शब्द नसतानाही शेक कवितेचा हात सोडत नाही. त्याची शैली उत्तर-स्वच्छंदतावादी. १९२० च्या दशकात ती स्वरकेंद्राच्या सीमेपर्यंत गेली, पण श्योनबेर्गची बारास्वरी पद्धती त्याने स्वीकारली नाही.

झुरिक येथे त्याचे निधन झाले. डीट्रिश फिशर-डीस्काउ या बॅरिटोन गायकाच्या ध्वनिमुद्रणांमुळे त्याची गीते जर्मनभाषक प्रदेशाबाहेरही पोहोचली.