मान आणि मान्यता : केळशी-मुरुडचा किनारा

दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला भारजा नदी समुद्राला मिळते, तेथे केळशी हे गाव आहे. माडा-पोफळींच्या वाड्या, महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा यांमुळे ते पुष्कळ श्रोत्यांच्या परिचयाचे असेल. केळशीहून किनाऱ्याने दक्षिणेस निघाले की आंजर्ले लागते. त्याच्या शेजारी मुर्डी. जोग नदीची खाडी ओलांडली की हर्णै, पुढे मुरुड, आणि तेथून चढण चढून गेले की दापोली. चांगल्या चालीच्या माणसाला हा सारा एका दिवसाचा पल्ला आहे. परंतु मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या शतकाचा इतिहास लिहावयास बसले तर या एका दिवसाच्या वाटेवरची चार नावे वगळून तो पुराच करता यावयाचा नाही. मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, मुरुडचेच धोंडो केशव कर्वे, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आणि दापोलीच्या शाळेत शिकलेले पांडुरंग वामन काणे, ही ती नावे होत. यांपैकी दोघांस पुढे भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला.

विद्यापीठांनी आपल्या गुणी माणसांचा गौरव करावा, पदके द्यावीत, सन्मान्य पदव्या द्याव्यात, हे रास्तच आहे. तथापि गुण ओळखणे ही गोष्ट संस्थांना वाटते तितकी सोपी नसते, याचा दाखला याच किनाऱ्यावर मिळतो.

कर्व्यांचीच गोष्ट घ्या. मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी १८७५ च्या सुमारास हा मुलगा मुरुडहून साताऱ्यास निघाला. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची पायपीट त्याने केली. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी व्हावी लागत. मुलाचे वय भरलेले होते, पण अंगकाठी लहान. परीक्षामंडळाने त्याच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले आणि त्यास परीक्षेला बसू दिले नाही. आला तसा तो परत गेला. पुढे कोल्हापूरच्या केंद्रातून तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला, मुंबईस गेला आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. ज्या मंडळाने त्याला उंचीवरून परत पाठविले त्या मंडळातील गृहस्थांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्या मुलाला मात्र पुढे १९४२ साली बनारस हिंदु विद्यापीठाने, १९५१ साली पुणे विद्यापीठाने आणि १९५७ साली, वयाच्या शंभरीस टेकले असता, मुंबई विद्यापीठाने डॉक्टरची सन्मान्य पदवी दिली. साताऱ्याच्या त्या दिवसाची भरपाई इतक्या वर्षांनी झाली असे वाटल्यास म्हणावे. मला मात्र तो हिशेब तितकासा पटत नाही. कारण साताऱ्याहून परत आलेली सगळीच मुले पुन्हा कोल्हापूरची वाट धरीत नाहीत.

मग या मुलाने ती का धरली? याचे उत्तर मुरुडच्या शाळेत सापडते. तेथे विनायक लक्ष्मण सोमण या नावाचे शिक्षक होते. गावातल्या अक्षरशत्रू लोकांनाही जगाची वार्ता कळावी म्हणून त्यांनी देवीच्या देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचा प्रघात पाडला, आणि ते वाचण्याचे काम विद्यार्थी धोंडूकडे दिले. पोरवयात चारचौघांपुढे उभे राहून आपण काही उपयोगाचे काम करतो आहो, हा अनुभव मुलाला मिळाला. सोमण गुरुजींना कोणत्याही विद्यापीठाने पदक दिले नाही. त्या काळी गावच्या शिक्षकाला ते देण्याची चालही नव्हती. कर्व्यांनी मात्र आपल्या गुरुजींची आठवण कधी पुसू दिली नाही.

सोमणांनी जे कर्व्यांसाठी केले तेच कर्व्यांनी आपल्या नात्यातल्या एका मुलासाठी केले. मुर्डीचा हा रघुनाथ, जन्म १८७६ चा, कर्व्यांनी शिक्षणासाठी आपल्या घरी ठेवून घेतला. स्वतः गणिताचे शिक्षक, मिळकत बेताची, पण घरात शिकणाऱ्या मुलांना जागा. मराठा हायस्कूल, मग फर्ग्युसन कॉलेज, असा रघुनाथ वर चढत गेला आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला.

केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्या काळी साऱ्या साम्राज्यात कठीण समजली जात असे. पहिल्या वर्गात आलेल्यांस रँग्लर म्हणत आणि त्यांतील पहिल्यास सीनियर रँग्लर. निकाल सेनेट हाउसमध्ये अनुक्रमाने मोठ्याने वाचून दाखवीत. पहिले नाव उच्चारताच जयघोष होई. आनंदमोहन बोस १८७४ साली पहिले हिंदी रँग्लर झाले होते, पण अनुक्रमाच्या माथ्यावर कोणी हिंदी माणूस गेला नव्हता. १८९९ साली पेंब्रोक कॉलेजचे बर्टविसल आणि सेंट जॉन्सचे परांजपे ही दोन नावे बरोबरीने पहिली आली. राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांनीच घेतलेल्या परीक्षेत, आंजर्ल्याच्या खाडीकाठचा एक तरुण त्यांच्या बरोबरीने पहिला उभा राहिला. हिंदुस्थानात या वार्तेने जो आनंद उसळला त्याचे मर्म गणितात नव्हते, हे सांगावयास नकोच. ही अनुक्रम लावण्याची पद्धतच पुढे १९०९ नंतर केंब्रिजने बंद केली.

परंतु याच सेनेट हाउसची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परांजप्यांच्या आधी नऊ वर्षे, १८९० साली, फिलिपा फॉसेट या तरुणीचे गुण त्या वर्षीच्या सीनियर रँग्लरहून अधिक भरले होते. निकाल वाचताना ती 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर करण्यात आले, पण ती किताबाची धनी झाली नाही आणि तिला पदवीही मिळाली नाही. कारण स्त्रियांना पदवी देण्याचा नियम नव्हता. परांजप्यांची कन्या शकुंतला हिने १९२९ साली त्याच केंब्रिजमध्ये न्यूनहॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस पुरी केली, तेव्हाही स्त्रियांच्या वाट्याला पदवीचे नुसते नाव येई, विद्यापीठाच्या सभासदत्वाचे हक्क येत नसत. बापाला जेथे डोक्यावर घेतले तेथे लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवले. हा भेद केंब्रिजने १९४८ साली दूर केला.

हे आठवले की १९१६ साली कर्व्यांनी जे साहस केले त्याची किंमत कळते. त्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. कुलपती झाले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि कुलगुरुपद घेतले परांजप्यांनी. मुरुडच्या शिक्षकाने घरात वाढविलेला मुलगा त्या शिक्षकाच्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. शिक्षण देशी भाषेतून आणि पदवीचे नावही आपले, गृहीतागमा. एवढे होऊनही या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. ती घेणाऱ्या मुली नोकरीच्या भरवशावर ती घेत नव्हत्या. सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने संस्थेला बळ आले, परंतु कायद्याने विद्यापीठ म्हणून तिचा स्वीकार व्हावयास १९५१ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे मान होता, मान्यता नव्हती.

परांजपे स्वतः इंग्लंडहून परतल्यावर फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९०२ पासून १९२४ पर्यंत तेथे प्राचार्य राहिले. सरकारी खात्यातील बड्या पगाराच्या मानाने डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचे वेतन अगदी तुटपुंजे असे. या गोष्टीचा उच्चार हल्ली सत्काराच्या भाषणांत फारसा होत नाही.

आता मंडलिक आणि काणे. या दोघांमधला धागा मला फार मनोरम वाटतो. मुरुडचे रावसाहेब मंडलिक हे मुंबईतील नामांकित वकील आणि 'नेटिव्ह ओपिनियन' पत्राचे संस्थापक. त्यांनी १८८० साली 'व्यवहारमयूख' आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १८८९ साली ते वारल्यावर त्यांच्या नावाने विद्यापीठात एक सुवर्णपदक सुरू झाले. दापोलीच्या मिशन शाळेतून मॅट्रिक झालेल्या काण्यांनी आपल्या प्रबंधांवर हे मंडलिक पदक मिळविले. पुढे याच काण्यांनी १९२६ साली 'व्यवहारमयूखा'ची संपादित आवृत्ती काढली, आणि तिच्या प्रस्तावनेसाठी म्हणून हाती घेतलेले काम वाढत वाढत 'धर्मशास्त्राचा इतिहास' या महाग्रंथाचे पाच खंड होऊन बसले. पहिला खंड १९३०चा, शेवटचा १९६२चा. मुरुडच्या एका माणसाने काढलेली वाट पाच कोसांवरच्या गावात शिकलेल्या मुलाने पन्नास वर्षांनी पुढे नेली, आणि मधला दुवा होते एक पदक. पदके कशासाठी ठेवावयाची असतात याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

तरी काण्यांच्याही वाट्याला एक सातारा आलाच. सरकारी शिक्षणखात्यात असताना बढतीच्या वेळी आपला हक्क डावलला गेला असे त्यांना वाटले. त्यांनी नोकरी सोडली आणि १९११ साली हायकोर्टात वकिली आरंभिली. धर्मशास्त्राचा तो अवाढव्य व्यासंग प्राध्यापकाच्या फुरसतीत नव्हे, वकिलीच्या धबडग्यातून काढलेल्या वेळात उभा राहिला. खात्याने ज्यांस बाहेर जाऊ दिले ते काणे १९४७ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५९ साली राष्ट्रीय प्राध्यापक आणि १९६३ साली भारतरत्न.

आतापर्यंतची सारी माणसे किनारा सोडून विद्यापीठाकडे गेली. केळशीत मात्र विद्यापीठातला माणूस गावाकडे आला. तेथील खाडीच्या मुखाजवळ वाळूची एक उंच टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. समुद्राच्या एका प्रचंड लाटेने ही वाळू येथे आणून टाकली असावी, असे त्यांनी मांडले आणि तिचा संबंध १५२४ सालच्या सागरकंपाशी जोडला. त्या वर्षी वास्को द गामाचा ताफा या बाजूच्या समुद्रातून येत असता पाणी एकाएकी खवळल्याचे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढे असलेली वाळू ही इतिहासाची साक्षीदार असू शकते, हे त्या संशोधनाने केळशीकरांना सांगितले.

आणि १९७२ साली तर विद्यापीठच दापोलीत आले. कोकणच्या कृषी विद्यापीठाचे पदवीदान समारंभ आता त्याच गावात होतात, जेथे काणे मॅट्रिकचा अभ्यास करीत होते आणि जेथून मुरुडकडे घाटी उतरते. केळशीच्या मुलाला पदवी आणावयास सह्याद्री ओलांडावा लागत नाही, दापोलीची एस. टी. पुरते.