भाड्याने मिळणारी साक्ष

आपल्या मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साखळीतली कडी म्हणजे दुवा. आणि भुकेल्याला भाकर घातली की तो पोटभर दुवा देतो, तोही शब्द हाच. आज ज्या व्यापाराचा इतिहास सांगायचा आहे, त्यात या दोन्ही अर्थांची गाठ पडलेली आहे. इंटरनेटवरच्या एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा जो सांधा असतो त्याला आपण दुवा म्हणतो. आणि असा दुवा दिला जाणे हा त्या दुसऱ्या पानाला लाभलेला आशीर्वादही असतो. पुढे हे आशीर्वाद विकत मिळू लागले, आणि मग ते कंत्राटाने कुणाकडून तरी करून घेण्याची पद्धत पडली. ती कशी पडली, तेच पाहू.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आता मोबाइल असतो. डाळिंबावर तेल्या पडला की शेतकरी त्यात चार शब्द लिहितो आणि समोर पानांची एक यादी उभी राहते. त्या यादीतले पहिले दोन-तीन सोडले तर खाली फारसे कुणी पाहत नाही. आता या विषयावर पाने असणार हजारो. त्यांतले पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हे ठरवले कुणी? आणि कशावरून?

याचे उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे, १८७३ सालच्या अमेरिकेत जावे लागेल. फ्रँक शेपर्ड नावाचा एक गृहस्थ शिकागोच्या वकिलांना एक गंमतीची वस्तू विकत असे: गोंद लावलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. तिकडच्या न्यायालयांत, आपल्याकडच्यासारखेच, जुन्या निकालांना फार महत्त्व. एखादा निकाल दिला गेल्यावर पुढे कोणकोणत्या खटल्यांत त्याचा आधार घेतला, कुठे तो मोडीत काढला, याची टिपणे शेपर्ड छापी आणि वकील ती आपापल्या पुस्तकांच्या समासांत चिकटवत. ज्या निकालाचा दाखला वारंवार दिला जातो तो निकाल अजून जिवंत आहे, हे त्या चिठ्ठ्यांवरून एका नजरेत कळे.

हीच युक्ती यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानाला लावली. १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ती मांडली आणि १९६४ मध्ये शास्त्रीय निबंधांच्या संदर्भांची मोठी सूची बाजारात आणली. कोणत्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती जणांनी केला, हे त्या सूचीत सापडे. आम्हा प्राध्यापक मंडळींना या मोजणीचा चांगलाच परिचय आहे. काही जण एकमेकांचे उल्लेख कसे करून घेतात, हेही आम्ही जाणतो. पण ती गोष्ट आज नको.

आता १९९६ कडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन तरुण विद्यार्थी इंटरनेटवरची पाने शोधण्याचे यंत्र तयार करीत होते. तोवरची यंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द मोजत. त्यामुळे लबाडांचे फावले. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा. वाचणाऱ्याला काही दिसायचे नाही, यंत्र मात्र फसायचे. पेज आणि ब्रिन म्हणाले, पान स्वतःविषयी काय सांगते ते दुय्यम; दुसरे त्याच्याविषयी काय सांगतात ते पाहू. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला म्हणजे त्याच्यासाठी साक्ष दिली. त्यातही सगळ्या साक्षी सारख्या नाहीत. गावात ज्याचा शब्द चालतो त्याने शिफारस केली तर तिला वजन. आणि तोच माणूस दारी येईल त्याला चिठ्ठी लिहून देऊ लागला, तर प्रत्येक चिठ्ठीचे वजन घटणार. आपल्या आजी-आजोबांना ठाऊक असलेलाच हा हिशेब त्यांनी गणितात बसवला. १९९८ च्या सप्टेंबरात गूगल ही कंपनी निघाली ती याच हिशेबावर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या पद्धतीवर लिहिलेल्या निबंधात या दोघांनी लबाडीचाही विचार केला होता. कुणी पैसे मोजून महत्त्वाच्या पानांवर दुवे विकत घेऊ शकेल, हे त्यांना दिसले होते. पण त्यांची समजूत अशी की त्याला पैसा पडतो, तेव्हा तो प्रकार आटोक्यात राहील. सगळी भिस्त या एका गृहीतावर होती: खोटी साक्ष महाग असते. पुढच्या दहा-बारा वर्षांत जे घडले ते एवढेच, की ती स्वस्त झाली.

पहिली चूक गूगलच्याच हातून झाली. २००० सालच्या डिसेंबरात कंपनीने लोकांना एक पट्टी दिली. कोणतेही पान उघडावे, तर त्याचे वजन दहापैकी किती, हे त्या पट्टीवर दिसे. झालं! बैलाच्या शिंगावर किंमत रंगवून त्याला बाजारात उभे केल्यासारखे झाले. सातवाले पान असेल तर त्यावरच्या दुव्याचा भाव अमुक, पाचवाले असेल तर तमुक. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ‘सर्चकिंग’ नावाच्या एका कंपनीने अशा दुव्यांची उघड दलालीच सुरू केली. पुढे तिच्या स्वतःच्या पानांचे वजन एकाएकी उतरले, आणि ती गूगलविरुद्ध कोर्टात गेली. २००३ च्या मे महिन्यात न्यायालयाने दावा फेटाळला. निकालाचे सार असे: कोणत्या पानाला किती वजन द्यायचे हे गूगलचे मत आहे, आणि मत बाळगण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. म्हणजे आपण ज्याला निवाडा समजतो ते कायद्याच्या लेखी एका खाजगी कंपनीचे मत! शिक्षक बंधु-भगिनींनी हा निकाल वरच्या वर्गांतल्या मुलांना अवश्य सांगावा.

पैसे देऊन दुवे घेणे तरीही खर्चाचे होते. फुकटातला मार्ग दुसराच होता. इंटरनेटवर लोक लेख लिहीत आणि खाली वाचकांना अभिप्रायासाठी जागा ठेवीत. त्या जागेत ‘लेख छान आहे’ एवढे लिहायचे आणि हळूच आपल्या दुकानाचा दुवा टाकायचा. हा उपद्रव इतका वाढला, की २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून एक खूण मान्य केली. ज्या दुव्यावर ती खूण असेल, त्याला साक्ष म्हणून धरायचे नाही.

पण फुकट म्हटले तरी लिहायला माणूस लागतोच. दिवसभर बसून परक्यांच्या पानांवर अभिप्राय टाकायचे, नाव-पत्ते गोळा करणाऱ्या याद्यांत दुकानाचे नाव नोंदवायचे, एकाच लेखातले शब्द फिरवून त्याचे वीस लेख करायचे आणि वीस ठिकाणी चढवायचे. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या पगारात हे परवडणारे नव्हते. मग ते काम समुद्र ओलांडून आले. परदेशातला दुकानदार एका सल्लागार कंपनीला काम देई. ती खालच्या कंत्राटदाराला देई. आणि तो भारतातल्या किंवा फिलिपाइन्समधल्या एखाद्या शहरात संगणकापुढे बसलेल्या मुलांना नगावर देई. २००३ साली निघालेल्या ओडेस्कसारख्या कामाच्या बाजारांत तर मधला कंत्राटदारही नको. जगाच्या एका टोकाचा मालक दुसऱ्या टोकाच्या मजुराला थेट गाठू शके. ऊसतोडीत मुकादम असतो, तसे या धंद्यातही मुकादम झाले. कारखान्याला टोळीतल्या माणसांची नावे माहीत नसतात, इथेही नव्हती.

या साखळीचा भंडाफोड झाला तो २०११ च्या फेब्रुवारीत. जे. सी. पेनी हे अमेरिकेतले जुने, प्रतिष्ठित नाव. १९०२ साली एका छोट्या खाणगावात कापडाचे दुकान निघाले, त्याचा विस्तार होत होत अकराशेच्या वर दुकाने झाली. २०१० च्या नाताळाच्या खरेदीत अमेरिकेत कुणी कपडे, चादरी, सतरंज्या, टेबलावरची कापडे, काहीही शोधले तरी पहिले नाव येई ते या पेनीचे. इतकेच काय, ‘सॅमसोनाइट’च्या प्रवासी बॅगा शोधल्या तरी खुद्द सॅमसोनाइटच्या वर पेनी! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला शंका आली आणि त्याने एका जाणकाराकडून तपास करवला. पेनीच्या झग्यांसाठी साक्ष देणारी २,००० हून अधिक पाने सापडली. कुठली ही पाने? एक अणुअभियांत्रिकीवरचे, एक जुगाराच्या अड्ड्यांचे, एक बल्गेरियातली घरे-जमिनी विकणाऱ्यांचे. अणुभट्टीवर लिहिणाऱ्याला बायकांच्या झग्यांची शिफारस करण्याचे कारण काय, हा प्रश्न विचारायला फारशी विद्वत्ता लागत नव्हती.

गूगलने मग हाताने शिक्षा केली. बुधवारी संध्याकाळी सात वाजता बॅगांच्या शोधात पेनी पहिले होते. नऊ वाजता ते ७१ वे झाले. बैठकीच्या खोलीतल्या लाकडी सामानात ते पहिल्यावरून ६८ वर घसरले. दोन तासांत!

आणि पेनीने काय सांगितले? हे दुवे आम्ही लावले नाहीत, लावायला सांगितले नाहीत, आम्हाला त्यांची माहितीही नव्हती. ज्या सल्लागार कंपनीकडे हे काम होते तिला त्यांनी काढून टाकले. मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते, कारण ते खरेही असू शकेल. काम बाहेर दिले की फळ मालकाच्या घरी येते आणि माहिती वाटेतच राहते. तहसील कचेरीच्या आवारात भाडोत्री साक्षीदार उभा करणाऱ्या पक्षकाराला निदान त्या साक्षीदाराचे तोंड ठाऊक असते.

यातून खुद्द गूगलही सुटली नाही. २०१२ च्या जानेवारीत तिच्याच ‘क्रोम’ या वस्तूची जाहिरात करणाऱ्या बाहेरच्या मंडळींनी पैसे देऊन लेख लिहवून घेतल्याचे उघडकीस आले. त्यांतल्या एका लेखात वर सांगितलेली खूण न लावलेला दुवा होता. कंपनीने आपल्याच पानाला निदान ६० दिवस खाली ढकलण्याची शिक्षा केली. एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

त्याच वर्षी २४ एप्रिलला गूगलने ‘पेंग्विन’ नावाची नवी चाळणी लावली. खोट्या साक्षी आता यंत्रच हुडकू लागले आणि ज्याच्यासाठी त्या दिल्या तो गोत्यात येऊ लागला. ऑक्टोबरात दुकानदारांना एक सोय मिळाली: हे दुवे आमचे नव्हेत, ते धरू नका, असे लेखी कळवण्याची. मात्र आधी ते दुवे काढवून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा. २०१६ च्या सप्टेंबरात चाळणी बदलली, आणि तेव्हापासून बहुधा शिक्षेऐवजी अशा साक्षी नुसत्या रद्दबातल धरल्या जाऊ लागल्या. धंदा काही बंद पडला नाही, पण २०१२ नंतरची ती तीन-चार वर्षे मोठी विलक्षण होती.

माझा एक विद्यार्थी त्या काळात एका शहरात हेच काम करी. बी. ए. झालेला, इंग्रजी बरे, घरी चार एकर कोरडवाहू. दिवाळीत गावी आला की भेटायला येई. आधीची दोन वर्षे तो परदेशी दुकानांसाठी दुवे लावत होता. ठरलेला आकडा भरला नाही तर त्या दिवसाची मजुरी कापत. २०१२ च्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, “सर, आता काढायचं काम आलंय.” त्याच गिऱ्हाइकांसाठी, त्याच टेबलावर बसून तो आता पानांच्या मालकांना पत्रे लिहीत होता: कृपा करून आमचा दुवा काढून टाका. काही मालक काढण्याचे पैसे मागत. बरेचसे उत्तरच देत नसत. पाने तशीच टाकून ते केव्हाच निघून गेले होते. मी विचारले, “मग त्या पानांचं काय करता?” तो म्हणाला, “तीनदा लिहायचं, आणि तक्त्यात ‘उत्तर नाही’ असं भरायचं. एका पानावर तर सर, मीच लिहिलेलं होतं, ‘लेख फार आवडला.’ मला तो लेख आठवेना. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.”